शाळेच्या ग्रुपवर आरोग्याच्या आणि सुरक्षेच्या सूचना सारख्या येतात. ग्रुप म्यूट केला तर चालेल का? नेमकं वाचायचं तरी काय?

म्यूट करू नका. सूचना येतात याचा तुम्हाला वैताग आलाय, आमच्याकडे आलीच नव्हती.

मुलगा तेव्हा दुसरीत. बायकोला नववा महिना लागलेला. ग्रुपवर पंधरा दिवस नुसतं गॅदरिंग चाललेलं: पांढरे मोजे घाला, प्रॅक्टिसला डबा जादा द्या. वर्गात दोन पोरांना कांजिण्या आल्यात हे शाळेला ठाऊक होतं. आम्हाला कळलं ते पोराला अंघोळ घालताना, पाठीवर पाण्याचे फोड दिसले तेव्हा.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "घरात कोण गरोदर आहे का?" बायकोनं गडहिंग्लजला फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला आलेल्या, तुला न्हाईत." रक्त तपासलं, तेच निघालं. बाळंतपणाआधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस, या काळात आईच्या अंगावर फोड उठले तर बाळाच्या जिवावर बेततं. तिला तयार अँटीबॉडीचं (रोगाशी लढणाऱ्या घटकांचं) इंजेक्शन दिलं. एरवी फोड उठायची २१ दिवस धास्ती, त्या इंजेक्शननं ती २८ दिवसांवर जाते. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात ती वर माडीवर, पोरगं खाली माझ्याजवळ. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून बनियन वर करायचं, "आई, आज नवीन तीन आले." ती वरनंच बघायची. मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं रोज एक दिवस खोडत होतो. चोविसाव्या दिवशी मुलगी झाली. राहिलेले चार दिवस दवाखान्यात मोजले. दोघी सुखरूप.

नंतर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पालक घाबरतात. आणि मुलांची नावं कशी सांगायची?" नाव कुणी मागितलं होतं? 'दुसरीच्या वर्गात कांजिण्या आल्यात, घरी गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारा.' बस. लागण झाल्यावर फोड यायला १० ते २१ दिवस जातात, आणि फोडांच्या एक-दोन दिवस आधीच मूल दुसऱ्याला देऊ लागतं. तेवढ्यात बायको माहेरी पोचली असती.

वाचायचं काय, तर साथीची सूचना. जंतनाशक गोळीची तारीख (त्या दिवशी मूल आजारी असेल तर बाईंना आधी सांगा). आणि पावसाळ्यात पाण्याची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्या पेठेत पोरांनाही पाठ आहे. पण शाळा लवकर सुटली तर पोर कुणाच्या हाती देणार, ते ग्रुपवरच कळतं. गुड मॉर्निंगचा त्रास असेल तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग करायला लावा.

आणि तुमच्या पोराला काही आलं तर तुम्हीही कळवा. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत घरी ठेवा, गॅदरिंग बुडलं तर बुडू दे. माझा थोरला भाऊ अजून म्हणतो, "लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या, त्यात शाळेनं काय कळवायचं?" दादा, आलेल्या पोराला. माडीवर होती तिचं काय?

बहुतेक पोरांना कांजिण्या सौम्यच जातात, हे खरं. वर्गशिक्षिकेवरही राग काढू नका, आमच्या बाईंना लिहायचं होतं, वरून नको म्हणून सांगितलं. आणि कांजिण्यांची लस सरकारी मोफत यादीत नाही, खासगीत घ्यावी लागते. मुलाला आम्ही ती दिली नव्हती, ती चूक माझी. मुलीला दोन्ही डोस दिलेत.