वाचकांचे प्रश्न : गावच्या सभागृहाचा पैसा

प्रश्न : आमच्या गावात ग्रामसभा, लग्नकार्ये, बचत गटाच्या बैठका यांसाठी छप्पर नाही. आमदारांनी 20 लाखांचा शब्द दिला आहे. 40 बाय 25 फुटांचे सभागृह त्यात बसत नाही, असे शाखा अभियंता सांगतात. उरलेले पैसे कसे उभे करायचे? – एक सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर : आधी जागेचा कागद बघा. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर, नमुना 8 ला (कर आकारणीच्या नोंदवहीत) नोंदलेली हवी. गायरान असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाया खणू नका. देवळाच्या आवारात बांधायचे असेल तर खासदार निधी विसरा, तो धार्मिक स्थळाच्या जागेवर चालत नाही.

आता 20 लाखांचा हिशेब. जीएसटी 18 टक्के धरला तर 20 भागिले 1.18, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामाला 16 लाख 95 हजार. त्यातून कामगार कल्याण उपकराचा 1 टक्का जातो. अभियंता ‘बसत नाही’ म्हणतात ते बहुधा यामुळेच.

तूट भरताना एकाच कामावर दोन निधी टाकू नका. दुबार खर्चाचा शेरा लेखापरीक्षणात हमखास येतो. काम तोडा, पण वापरता येईल अशा तुकड्यांत. आमदार निधीतून 30 बाय 25 चे सभागृह पायापासून स्लॅबपर्यंत पूर्ण करायचे; 25-15 च्या निधीतून (ग्रामविकास विभागाचे गावातील मूलभूत सुविधांचे लेखाशीर्ष) किंवा वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, रकमेतून स्वच्छतागृह, फरशी, कुंपणभिंत. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, मोजमाप पुस्तिकेतली नोंदही वेगळी. पुढे 10 फूट वाढवायचे असेल तर त्या बाजूचा पाया आणि कॉलम आताच तसे धरायला सांगा.

ग्रामसभेचा ठराव गणपूर्तीसह घ्या : मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. ठरावात कामाचे नाव अंदाजपत्रकात असेल तेच, अक्षरन् अक्षर. ‘सभागृह’ आणि ‘समाजमंदिर’ एवढ्या फरकावरूनही फाइल परत येते.

प्रश्न : जवळच्या कारखान्याकडे सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी) मागता येईल का?

उत्तर : येईल. ग्रामविकास हा कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतला विषय आहे. मात्र ‘मदत करा’ असे मोघम पत्र नेऊ नका. ‘60 खुर्च्या, 8 पंखे, सौर दिवे’ अशी यादी दरपत्रकासह न्या. संस्थेमार्फत काम करायचे तर तिची सीएसआर-1 नोंदणी लागते. लोकवर्गणी ग्रामपंचायतीच्या खात्यातच भरा आणि प्रत्येक रकमेची नमुना 7 ची पावती फाडा. वहीतली वर्गणी म्हणजे भांडणाला आमंत्रण.

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांपूर्वी कॉलम उभे राहिले आणि निधी थांबला. गज उघडे आहेत. पुढे काय?

उत्तर : नव्याने अंदाजपत्रक मागा, ‘उर्वरित काम’ म्हणून, चालू दरसूचीने. जुन्या मोजमापातले झालेले काम त्यातून वजा झाले पाहिजे. गज तारेच्या ब्रशने घासा. पापुद्रे सुटत असतील तर कॅलिपरने जाडी मोजून घ्या. घटली असेल तर निर्णय अभियंत्याचा. 16 मिमी गजाला जोडासाठी साधारण 80 सेंमी लांबी लागते, पण उघडी टोके भंगारात कापून नेलेली असतात. तेवढी लांबी उरली नसेल तर कॉलमचे काँक्रीट फोडावे लागेल, आणि तो खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरून घ्या.