सोडतीत लागलेली शाळा

मेघना माझ्याकडे समुपदेशनाला पहिल्यांदा आली ती झोप लागत नाही म्हणून. (नाव बदललंय, घरचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत.) वीसेक मिनिटं झोपेबद्दल बोलून झाल्यावर तिनं पर्समधून एक झिपलॉकची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर रिकामी केली. केशरी कागदाच्या चिठ्ठ्या, काहींना तेलाचे डाग.

"एकोणीस आहेत. डब्याच्या पिशवीचं अस्तर उसवून आत कोंबल्या होत्या."

चिठ्ठ्या डिमेरिटच्या, म्हणजे बेशिस्तीच्या नोंदींच्या होत्या. मुलगा सहावीत, उत्तर न्यू जर्सीतल्या एका चार्टर शाळेत. शर्ट बाहेर आला, डिमेरिट. टीचर बोलत असताना खिडकीकडे पाहिलं, डिमेरिट. चार झाल्या की डिटेन्शन, म्हणजे शिक्षा म्हणून शाळेत थांबायचं. एकीवर लिहिलं होतं, 'पेन्सिल बाकावर वाजवली'. शिस्तीला माझा विरोध नाही, पण ही चिठ्ठी मी दोनदा वाचली.

"शाळेशी बोललात?"

"कसं बोलणार हो? सोडतीत नंबर लागलाय. बाहेर वेटिंग लिस्ट आहे. आपण तक्रार करायची आणि राग मुलावर निघायचा."

हा प्रश्न मला इकडचे मराठी पालक सतत विचारतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा एक गैरसमज असतो. चार्टर शाळा खासगी नसते. ती सरकारी पैशावर चालते, फी नसते, फक्त ती स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या हाताखाली नसून स्वतःच्या विश्वस्त मंडळाच्या ताब्यात असते. अमेरिकेतला असा पहिला कायदा मिनेसोटानं १९९१ मध्ये केला, न्यू जर्सीचा कायदा १९९५ चा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते. सोडत म्हटलं की आपल्या डोक्यात आरटीईची यादी येते आणि नंबर लागला म्हणजे शाळेनं उपकार केले असं वाटायला लागतं. त्यात मेघनानं साताऱ्याला लहानपणी वडिलांना फी थकली म्हणून हेडमास्तरांपुढे हात जोडून उभं राहिलेलं पाहिलेलं. ती प्रिन्सिपलच्या ऑफिसात शिरली तरी बसायची नाही.

नवऱ्याची तऱ्हा उलटी. तो रात्री पावणेबाराला ईमेल लिहायचा. अकरा परिच्छेद, चार जणांना सीसी, मधली दोन वाक्यं कॅपिटल अक्षरांत. उत्तर दोन ओळींचं यायचं: धन्यवाद, कृपया फॅमिली हँडबुक (शाळेची नियमपुस्तिका) पाहावे. मग घरात जुंपायची. "त्या हँडबुकवर सही तूच केलीस," तो म्हणायचा. "फॉर्म भर, भर म्हणून मागे कोण लागलं होतं?" ती म्हणायची.

तिसऱ्या भेटीला मुलगा आला. चिठ्ठ्या का लपवल्यास विचारलं तर सरळ म्हणाला, "आई रडते. बाबा ईमेल करतात. मग टीचर मला विचारते, घरी सगळं ठीक आहे ना. सगळ्यांसमोर."

मी त्या दिवशी हँडबुक बाजूला ठेवलं आणि आम्ही तिघांनी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर वेळ होती. कारणांप्रमाणे गट करून काही हाती लागेना, वेळेप्रमाणे लावल्या तेव्हा उजव्या बाजूला ढीग झाला. एकोणीसपैकी चौदा दुपारी दोननंतरच्या. जेवणाची सुट्टी कधी? पावणेअकराला. शाळा कधी सुटते? चारला.

मेघना चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. "घरी आला की बूटसुद्धा न काढता उभ्या उभ्या पोळीचा रोल खातो," ती म्हणाली.

निदानबिदान मी केलं नाही. तरी डॉक्टरांना दाखवून घ्या म्हटलं, कारण चुळबुळीमागे दुसरं काही निघालं तर अपंगत्वावरून भेदभाव करायला मनाई करणारं, १९७३ च्या कायद्यातलं कलम ५०४ चार्टर शाळेलाही लागू आहे आणि सवलती लेखी मागता येतात. डॉक्टरांना तसं काही दिसलं नाही.

राग निघणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. एवढंच सांगितलं की 'तुमची शाळा मुलांचा छळ करते' या वाक्याला हँडबुक हे उत्तर असतं, 'दुपारी दोनला पाच मिनिटं खाऊ द्या' याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. शाळा नाही म्हणाली तर पुढची पायरी कायद्यातच आहे. चार्टर शाळांच्या कायद्याचा भंग होतोय असं वाटलं तर विश्वस्त मंडळाकडे तक्रार करता येते. पालक आणि शिक्षकांची एक तक्रार समिती असते, ती मंडळाला शिफारस करते, पण ती बंधनकारक नसते. तिथं समाधान झालं नाही तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे जाता येतं, आणि त्यांना चौकशी करून उत्तर द्यावं लागतं. शाळेला परवानाही तेच देतात, आधी चार वर्षांचा आणि नूतनीकरण झालं तर पाच वर्षांचा. शिवाय मूल काढून आपल्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत परत घालता येतं, तेही वर्षाच्या मध्येसुद्धा.

"म्हणजे आम्ही अडकलेलो नाही?" तिनं विचारलं. तिला हे ठाऊकच नव्हतं. बऱ्याच जणांना नसतं.

पत्र पाच ओळींचं झालं. नवऱ्यानं त्यात तीन परिच्छेद घातले, तिनं काढले. शाळेचं उत्तर आलं: वर्गात खाणे नियमात बसत नाही. मग ती मंडळाच्या जाहीर बैठकीला गेली. या बैठका सगळ्यांना खुल्या असतात आणि पालकांना बोलायला वेळ ठेवलेला असतो. तिला तीन मिनिटं मिळाली. आदल्या संध्याकाळी माझ्याकडे घड्याळ लावून वाचलं, पहिल्यांदा पावणेपाच मिनिटं झाली. साताऱ्याची गोष्ट त्यात नको, ती तुमच्या-माझ्यात ठेवू, असं मीच म्हटलं.

तिथं वाचताना हात थरथरत होते, पण मागच्या रांगेतल्या एका आईनं मोठ्यानं 'येस' म्हटलं, असं तिनं फोनवर सांगितलं. जानेवारीपासून सहावीला दोन वाजता दहा मिनिटं खाऊची सुट्टी मिळाली. डिमेरिटची पद्धत तशीच आहे. नवऱ्याला हे फारच थोडं वाटतं, आणि त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी मुलाला तिथंच ठेवायचं का, यावर त्यांचं अजून ठरत नाहीये. झोपही मधूनमधून उडतेच.

गेल्या महिन्यात आली तेव्हा पर्समध्ये एकच चिठ्ठी होती. 'जिन्यात हसला.'

"ही त्यानं स्वतःच आणून दिली," ती म्हणाली. "फ्रिजवर लावूया का म्हणून विचारत होता."