शिंगं भिंतीवर, मटण फ्रीजरमध्ये

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे जावई टेक्सासला असतात, दर नोव्हेंबरला मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातात, मटण वर्षभर फ्रीजरमधून काढून खातात, तिथवर तुम्ही नाक मुरडत का होईना चालवून घेतलंत, पण यंदा शिंगांसकट मुंडकं पेंढा भरून आणून हॉलमध्ये लावलं आणि घरात महाभारत झालं. खायला मारलं तर ठीक, मिरवायला मारलं तर पाप, हा फरक बरोबर आहे का असं विचारताय.

आता गंमत बघा, हरीण एकच आहे. त्याचंच मटण तुम्ही मागच्या भेटीत खाल्लं असेल आणि त्याचंच डोकं भिंतीवर आहे. मग पाप नक्की कधी झालं, गोळी घातली तेव्हा की खिळा ठोकला तेव्हा? चिडवायला विचारत नाहीये, मी स्वतः या प्रश्नाभोवती बरीच वर्षं फिरतोय.

माझं गाव तळकोकणात. लहानपणी शिमग्याच्या सुमारास पारध निघायची. शिकारीचा कायदा १९७२ ला आला खरा, पण आमच्या वाडीपर्यंत चालत यायला त्याला अजून वीसेक वर्षं लागली. पंधरा-वीस माणसं, कुत्री, दोन ठासणीच्या बंदुका, हाकारे ओरडत रान उठवणार आणि बंदूकवाले डुकराच्या वाटेवर दबा धरून बसणार. डुक्कर पडलं की वाटे. ज्याचा बार लागला त्याला जास्त, कुत्र्यांना त्यांचा, आणि ज्या घरात कमावता माणूस नाही त्या घरी पण एक वाटा पोचायचा, न मागता. आणि आजोबांच्या पडवीत सांबराची शिंगं होती बरं का, त्यावर टोप्या आणि छत्र्या टांगलेल्या असायच्या. त्याला ट्रॉफी म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

पुढे नोकरीनिमित्त चार वर्षं नामिबियात काढली. तिथे जूनच्या थंडीत लोक शेतावर जाऊन स्प्रिंगबॉक, कुडू, ओरिक्स (सगळी तिकडची हरणासारखी जनावरं) मारतात, बिलटाँग करतात (मसाला लावून वाळवलेलं मटण, आपल्या सुक्या बांगड्यासारखं घराघरात असतं). ज्याच्या शेतावर मी जायचो त्याच्या शेडमागे शिंगांचा हा एवढा ढीग पडलेला, ऊन खात. त्याला शिंगांचं काही नाही, त्याला मटण पाहिजे. आणि तासाभरावर दुसऱ्या शेतावर परदेशी पाहुणे शिंगं टेपने मोजून पैसे भरायचे, आणि त्या जनावराचं मटण कामगारांच्या वस्तीत जायचं, हाडं सुद्धा उरायची नाहीत. म्हणजे एकीकडे शिंग कचरा आणि एकीकडे मटण बक्षिसी, मरण मात्र सारखंच. तेव्हापासून "कशासाठी मारलं" हा प्रश्न मी शेवटी ठेवायला शिकलो. आधी विचारायचं की कुठलं जनावर निवडलं, ते मेलं कसं, पैसा आणि मटण कुणाच्या घरी गेलं, आणि पुढच्या वर्षी त्या रानात जनावर जास्त आहे की कमी.

खाण्यासाठी म्हणजे आपोआप सात्त्विक असं आपण धरून चालतो ना, तिथेच फसतो. अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर होतं, थवा उडाला की आकाश झाकोळायचं, संख्या अब्जांत होती. त्यांना भिंतीवर लावायला कुणी मारलं नाही. पोती आणि पिंपं भरभरून रेल्वेने शहरांच्या बाजारात पाठवली, स्वस्त मटण म्हणून, आणि १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणीसंग्रहालयात शेवटची मादी मेली. मध्य आफ्रिकेतली जंगलं आज उभी आहेत पण आत जनावर नाही अशी अवस्था कित्येक ठिकाणी आहे, ती पण मुख्यतः बाजारात जाणाऱ्या जंगली मटणामुळेच. आणि लांब कशाला, आपल्याकडची फासकी घ्या. डुकराच्या मटणासाठी गाडीच्या ब्रेकच्या वायरचा फास लावतात आणि त्यात बिबट्या अडकतो, कंबरेत वायर रुतून रात्रभर ओरडत राहतो. फास लावणारा म्हणेल मी खायलाच लावला होता. बरं मग?

याच्या उलट, खाण्यासाठीच शिकार करणारे पण नियम पाळून करणारे, ते पण आपल्याकडेच होते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा वगैरे मंडळींनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला होता, त्यात एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन जमातींची शिकार कशी वाटलेली होती ते आलंय. फासेपारधी फासे लावून हरणं आणि पक्षी धरणार, नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर, साळींदर, घोरपड यांच्या मागे जाणार, वैदू सापळ्यात मुंगूस, उदमांजर असली लहान जनावरं धरणार. एकमेकांच्या ताटात कुणी हात घालायचं नाही. आणि फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी सोडून द्यायचे. इंग्रजांनी ज्यांना गुन्हेगार जमात ठरवलं त्यांची ही रीत, आणि शिकारखाने राखून ठेवणारे राजेसाहेब आणि गोरे साहेब वाघांची रांग मांडून फोटो काढत होते. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये गेला असाल तर भुसा भरलेल्या जनावरांचं दालन बघितलं असेलच. पण इथे पण गाठ सरळ सुटत नाही. राधानगरी-दाजीपूरचं रान त्याच संस्थानाचं शिकारीचं राखीव होतं, आणि राखीव होतं म्हणूनच १९५८ ला महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य करायला तिथे काहीतरी शिल्लक होतं. आवडो न आवडो.

आता ट्रॉफीवाल्यांचा खरा दोष. हौस हा दोष आहेच, पण माझ्या लेखी त्याहून मोठा दोष निवडीचा. लांडगा म्हातारं, लंगडं, आजारी उचलतो. ट्रॉफीवाला बरोबर उलटं करतो, सगळ्यात देखणा नर शोधतो. कॅनडात अल्बर्टामधल्या राम माउंटनवर बिगहॉर्न मेंढ्यांचा तीस वर्षांचा हिशोब ठेवलेला आहे, मोठी शिंगं असलेले एडके वयात येताच मारत गेले आणि पिढ्यान् पिढ्या शिंगंच लहान होत गेली, हा अभ्यास २००३ ला छापून आला. सिंहाचं तर अजून वाईट. कळपातला नर मारला की बाहेरचे नर कळप ताब्यात घेतात आणि आधीच्याची पिल्लं मारून टाकतात, म्हणजे गोळी एक आणि जीव पाच-सहा. म्हणून टांझानियात काम केलेल्या संशोधकांनी मांडलं की सहा वर्षांखालचा सिंह मारूच नका, आणि वय ओळखायला नाकावरचा काळेपणा बघा, वयाबरोबर तो वाढतो. नियम सोपा आहे, पण पन्नास हजार डॉलर भरून आलेल्या पाहुण्याला "नाक अजून गुलाबी आहे, घरी जा" असं सांगणारा गाईड किती ठिकाणी मिळेल? झिंबाब्वेत २०१५ ला सेसिल नावाच्या सिंहावरून जगभर गदारोळ झाला, तो तेरा वर्षांचा होता, म्हणजे वयाच्या नियमात बसत होता. पण तो ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला, ऑक्सफर्डच्या अभ्यासाची कॉलर गळ्यात असलेला, उद्यानाच्या हद्दीबाहेर बाणाने जखमी केला आणि काही तासांनी संपवला. मला त्यातला सिंहाच्या नावापेक्षा "काही तासांनी" हा भाग जास्त छळतो.

आणि नामिबियाची दुसरी बाजू. तिथे १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांना आपल्या जमिनीवरच्या जनावरांपासून कमाई करायचा हक्क मिळाला, गोऱ्या शेतकऱ्यांना तो आधीपासूनच होता. त्यासाठी गावकरी मिळून जी संस्था चालवतात तिला कॉन्झर्व्हन्सी म्हणतात, अशा आता ८० च्या वर आहेत. ईशान्येला सान नावाच्या तिथल्या आदिवासींची आहे तिचं नाव चक्क न्याए-न्याए, मराठी कानाला फार मजेशीर वाटतं. तिथे परदेशी माणूस हत्ती मारतो, पैसे कॉन्झर्व्हन्सीला, दात त्याला, आणि मटण गावात. आधी ज्या हत्तीने पाण्याची टाकी फोडली म्हणून शिव्या पडायच्या, तो आता गावाच्या खात्यात जमा दिसतो. २०१४ ला नामिबियाच्या एका काळ्या गेंड्याचा परवाना लिलावात साडेतीन लाख डॉलरला गेला, आणि लिलाव कुठे झाला तर डॅलसला, तुमच्या जावयांच्याच राज्यात. गेंडा म्हातारा, पिल्लावळ थांबलेली, वर तरुण गेंड्यांना मारणारा. पाकिस्तानात मारखोरचे (पीळदार शिंगांचा डोंगरी रानबोकड) परवाने विकून ८० टक्के रक्कम गावांना देतात, आणि मारखोर वाढले. केनियाने १९७७ ला शिकार बंद केली आणि तरी पुढच्या चाळीस वर्षांत तिथली जंगली जनावरं साधारण दोन तृतीयांशाने घटली. बंदीमुळे घटली असं मी म्हणत नाही, गुरं, कुंपणं, शेती, दुष्काळ सगळं आहे त्यात, पण नुसती बंदी घालून जनावर वाचत नाही एवढं तरी दिसतं. अर्थात जिथे साहेब आणि कंपनी मिळून पैसा खातात तिथे ही सगळी गणितं कागदावरच. आणि दक्षिण आफ्रिकेत बाटलीने दूध पाजून वाढवलेला सिंह कुंपणात सोडून मारू देतात, त्याच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एक शब्द नाही.

आता जावयांकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण पाच लाखांच्या आत उरलं होतं, आज तीन कोटींच्या आसपास आहे. मटणाच्या बाजारासाठीची शिकार बंद केली, हंगाम आणि टॅग (मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची चिठ्ठी) आले, आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरचा कर जंगलखात्यांकडे जातो. लांडगे बहुतेक ठिकाणी मारून संपवलेले, त्यामुळे आता हरणं बागा खातात आणि गाड्यांवर आदळतात. टेक्सासमध्ये खाण्याजोगं मटण वाया घालवणं हा गुन्हा आहे. तेव्हा मोकळ्या रानातलं, टॅग लावलेलं, पूर्ण खाल्लेलं हरीण असेल तर माझ्या हिशोबात जावई आपल्या चिकन आणणाऱ्यांपेक्षा वाईट नाहीत, ब्रॉयलर कोंबडीचं चाळीस दिवसांचं आयुष्य एकदा जवळून बघा.

पण एक गोष्ट विचारा त्यांना. शिकार मोकळ्या रानात की उंच कुंपणाच्या रँचवर, म्हणजे खाजगी कुरणावर? टेक्सासमध्ये असे रँच पुष्कळ आहेत, आणि तिथे कोण मिळतं माहितीये का, आपलं काळवीट, चितळ, नीलगाय. १९३० च्या आसपास नेलेली, आता हजारोंनी झालीत. परदेशी जनावर म्हणून त्यांना हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, दर लावलेले असतात. आपल्याकडे काळविटाला हात लावला तर तीन ते सात वर्षं तुरुंग. आणि गंमत म्हणजे पाकिस्तानात काळवीट संपल्यावर परत सोडायला आणली ती टेक्सासचीच. यात कुणाला शहाणं म्हणायचं मला अजून ठरवता आलेलं नाही. कुंपणातली असेल तर मात्र मी तुमच्या बाजूने.

मग आपल्याकडे पण चालू करा की, असं इथे कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. ट्रॉफी अजिबात नको, आपल्याकडे हद्द मोजणारेच मॅनेज होतात, तिथे शिंगं कोण मोजणार. रानडुकराचं वेगळं आहे. शेताचं नुकसान करणारं डुक्कर रीतसर परवानगी काढून मारता येतं, पण मारलेलं डुक्कर सरकारचं, खाता येत नाही, पुरायचं. माझ्या चुलतभावाने भाताच्या शेताशेजारी असा खड्डा खणलाय, त्याला विचारलं तर म्हणाला, आजोबा असते तर डुकरासोबत मला पण पुरलं असतं. मला पण ते मटण पुरताना कसंसंच झालं असतं. तरी कायद्याचं कारण मला पटतं, खायची मुभा दिली की प्रत्येक डुक्कर कागदावर शेत खाणारं ठरेल आणि महिन्याभरात हॉटेलवाले ऑर्डर देतील. कबुतरांचं तेच झालं होतं.

राहिली भिंत. नामिबियात एकदा मीही बंदूक उचलली. स्प्रिंगबॉक, मटणासाठी, शंभर टक्के मटणासाठी. पहिली गोळी पोटात लागली. बरोबरचा माग काढणारा माणूस काही बोलला नाही, नुसता चालायला लागला, वाळूवर रक्ताचा एखादा थेंब आणि मग अर्धा किलोमीटर काहीच नाही, असं दोन तास. सापडलं तेव्हा ते झुडपाखाली बसलेलं होतं, मान ताठ. दुसरी गोळी त्यानेच घातली, माझा हात थरथरत होता. मग शेतमालकाने सवयीने फोन काढला आणि मला शिंगं धरून बसायला लावलं, आणि मी बसलो. मटण तीन घरांत वाटलं, उरलेलं बिलटाँग झालं, काही वाया गेलं नाही. पण त्या फोटोत मी हसतोय. पंधरा वर्षं झाली, बायकोने दोनदा सांगितलं डिलीट कर, अजून केला नाहीये.

तर जावयांना शिंगं काढायला सांगण्याआधी ते हरीण पडायला किती वेळ लागला एवढं विचारा. रँचचं काय ते पण कळवा इथे.