ए की ॲन, सिन्स की फॉर? नियम पाठ आहेत तरी बोलताना चुकतं, काय करू?

तुम्ही लिहिलंय की ए-ॲन आणि सिन्स-फॉरचे नियम तोंडपाठ आहेत पण तोंड उघडलं की हमखास घोळ होतो, शिवाय 'डिड नॉट वेंट' पण तोंडून निघून जातं. होणारच हो, बोलताना नियम आठवत बसायला वेळ कुणाकडे असतो, आपलं वाक्य आधी मनात मराठीत जुळतं आणि मग घाईघाईने इंग्रजीत बाहेर पडतं. म्हणून मी तर नियम सोडून दिले आणि मराठीलाच कामाला लावलं.

आधी ए-ॲन. शाळेत पाच स्वर शिकवतात, ए ई आय ओ यू, आणि सगळी गडबड तिथेच होते, कारण मामला स्पेलिंगचा नाहीच, उच्चाराचा आहे. आणि उच्चार दिसेल अशी लिपी आपल्याकडे आयती आहे की! शब्द देवनागरीत लिहून बघा, सुरुवातीला स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर ए. युनिव्हर्सिटीचं स्पेलिंग यू ने सुरू होतं पण आपण लिहितो य ने, म्हणून ए युनिव्हर्सिटी. अवरच्या स्पेलिंगमधे पुढे एच आहे पण तो कुणी उच्चारत नाही, म्हणून ॲन अवर. वन-वे रोडला ए, कारण व. एमबीए, एसएमएस, एक्स-रे या सगळ्यांना ॲन, यू-टर्नला ए. एका ठिकाणी मात्र ही युक्ती फसते, वर्ष आणि कान दोन्ही आपण 'इयर' असंच लिहितो. इंग्रजीत वर्षाच्या आधी बारीकसा य असतो, त्यामुळे वर्षाला ए आणि कानाला ॲन, एवढं मात्र पाठच करा.

बाकी या न ने खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही चकवलंय बरं का. एप्रन हा शब्द मुळात नॅप्रन होता, 'ए नॅप्रन' असं ऐकता ऐकता लोकांनी तो न उचलून मागच्या ए ला चिकटवला आणि झालं ॲन एप्रन. निकनेमचं नेमकं उलटं, मूळ शब्द एकनेम (हा एक आपला १ नव्हे, 'जादाचं' अशा अर्थाचा), तिथे ॲनचा न पुढच्या शब्दात घुसला.

सिन्स-फॉरमधे मात्र मराठीच पाय ओढते. आपण 'सकाळपासून वाट बघतोय' म्हणतो आणि 'दोन तासांपासून वाट बघतोय' पण म्हणतो, पासून एकच, म्हणून दोन्हीकडे सिन्स ठोकून देतो. मी एकदा सव्वातीनला फोनवर असंच 'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स' म्हणालो, लाइन खराब होती, समोरच्याला 'सिन्स टू' एवढंच ऐकू गेलं, म्हणजे दोन वाजल्यापासून. तो म्हणाला तासभरच तर झालाय, आणि मी इकडे तापलेलो!

तेव्हापासून मी पासून काढून तिथे 'झाले' घालून बघतो. 'दोन तास झाले वाट बघतोय' हे चालतं ना? मग फॉर. 'सकाळ झाले वाट बघतोय' असं कुणी म्हणत नाही, मग सिन्स. खूप दिवस झाले, तीन वर्षं झाली, सगळीकडे फॉर. सोमवार, काल, लहानपण, २०१९, इथे झाले बसतच नाही, तिथे सिन्स. 'गेल्या तीन वर्षांपासून' चं सिन्स लास्ट थ्री इयर्स तर इतक्यांच्या तोंडी आहे की ऐकून ऐकून बरोबरच वाटायला लागतं, पण ते फॉर द लास्ट थ्री इयर्स.

आणि माझ्या त्या वाक्यात दुसरी पण चूक होती, ती जास्त चिवट आहे. मराठीत काम अजून चालू असेल तर आपण सरळ वर्तमानकाळ वापरतो, 'बघतोय', म्हणून तोंडात आय ॲम वेटिंग येतं. इंग्रजीला तिथे 'हॅव बीन' लागतं, आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स. यावर माझ्याकडे काही युक्ती नाही, मी हे अख्खं वाक्यच घोटून ठेवलंय आणि गरजेप्रमाणे त्यातले शब्द बदलतो.

'डिड नॉट वेंट' चं म्हणाल तर 'गेलो नाही' मधे भूतकाळ गेलो मधेच असतो, म्हणून आपण वेंट सोडत नाही. इंग्रजीत तो काळ डिडने आधीच उचललेला असतो, त्यामुळे पुढे साधं गो, डिड नॉट गो.