पगार सात तारखेला, पार्टीचा पेमेंट नव्वद दिवसांनी: लोन घेऊ का?

पूर्ण प्रश्न वाचला भाऊ. मला समजलं ते असं: अंबडला मशिनिंगचं जॉबवर्क, माणसं २२, माल पार्टीचा (म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचा) आणि तुमची फक्त मजुरी, बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी. गेल्या महिन्यात पगार वेळेवर केले पण पीएफ आणि जीएसटीला ठेवलेले पैसे त्यात गेले. आता विचारताय की मोबाइल ॲपवरून दहा लाखाचं लोन उचलू का, आणि नवीन सहा पोरं ठेकेदाराच्या नावावर घेतली तर पीएफ वाचेल का. मी भोसरीला याच धंद्यात आहे, बरीच वर्षं झाली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

ठेकेदाराचं आधी, कारण ते लवकर संपतं. नाही वाचत. पोरं तुमच्या शेडमध्ये तुमच्याच मशीनवर काम करणार, ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर पीएफवाले प्रिन्सिपल एम्प्लॉयर (मूळ मालक) म्हणून तुम्हालाच धरतात, वर त्याचं कमिशन वेगळं. आणि २२ वर पीएफ एकदा लागू झाला की उद्या माणसं १५ झाली तरी सुटका नाही. कामाच्या चढउतारासाठी ठेकेदार घ्यायचा तर जरूर घ्या, पण दर महिन्याला बिलासोबत फक्त पीएफ भरल्याचं चलन घेऊ नका, ईसीआरमधली (पीएफच्या मासिक रिटर्नमधली) नावांची यादी घ्या आणि आपल्या हजेरीशी लावून बघा. एकच चलन चार कंपन्यांना दाखवणारे ठेकेदार आपल्या एमआयडीसीत काही कमी नाहीत. यादी आल्याशिवाय त्याचं बिल सोडायचं नाही.

आता लोन. ॲपवाला दीड टक्का महिना म्हणतो तेव्हा तो बहुतेक फ्लॅट रेट असतो, म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा लाखावरच. दहा लाखावर एका वर्षासाठी १८ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता साधारण ९८,३०० आणि खरा व्याजदर तीस टक्क्यांच्या वर, प्रोसेसिंग फी कापून हातात दहा लाख येतच नाहीत ते निराळंच. म्हणजे पाच माणसं न ठेवताच त्यांचा पगार दर महिन्याला दुसऱ्याला द्यायचा. तुमची अडचण दोन महिन्यांत संपणारी असती तर एक वेळ हो म्हटलं असतं, पण नव्वद दिवसांची उधारी दर महिन्याला नव्याने तयार होतेय, लोनने ती कशी भरणार?

तुम्ही लिहिलंय "पगाराचे साधारण चार लाख लागतात". इथेच मला शंका आली. तुमचा ऑपरेटर सरासरी १८,००० चा धरू, त्यातले बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १५,०००. त्याच्यावर तुमचा पीएफ १२ टक्के, वर अॅडमिन चार्जेस अर्धा टक्का आणि ईडीएलआय (पीएफसोबतचा विमा) अर्धा, मिळून १,९५०. ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) ३.२५ टक्के, १८,००० वर ५८५. दिवाळीच्या बोनसची महिन्याची तरतूद ८.३३ टक्क्यांनी १,२५०. ग्रॅच्युइटी, जी कुणीच धरत नाही, पंधरा दिवसांच्या हिशोबाने महिन्याला ७२१. झाले २२,५०६. रजेचा पगार अजून धरलाच नाही. एका माणसामागे साडेचार हजार, २२ जणांमागे ९९,०००. तुमच्या डोक्यात चार लाख आहेत आणि खरा आकडा पाच लाख आहे, आणि मशीनचा तासाचा रेट तुम्ही बहुतेक चार लाखावरच काढलाय. पुढचं कोटेशन द्यायच्या आधी हे बसून करा, कारण रेट चुकला असेल तर पेमेंट तीस दिवसांत आलं तरी पैसे पुरणार नाहीत.

आता त्याच माणसाच्या पगारातून तुम्ही कापता ते बघा. पीएफ १,८००, ईएसआयसी १३५, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००, आणि बायकांना २५,००० पर्यंत माफ). २२ जणांचे मिळून ४६,९७०. हे पैसे तुमचे नाहीतच, खात्यात दिसतात म्हणून तुमचे वाटतात एवढंच. कापून न भरणं म्हणजे नुसता उशीर नाही, विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. आणि पोरं आता उमंग ॲपवर पीएफचं पासबुक बघतात हो, एखाद्या महिन्याची एंट्री आली नाही की चहाच्या सुट्टीत सगळ्या शेडला कळतं, मग चांगला ऑपरेटर दुसरीकडे चौकशी करायला लागतो.

म्हणून माझ्याकडे सोपी पद्धत आहे. पगाराच्याच दिवशी कापलेले पैसे अधिक आपला हिस्सा दुसऱ्या करंट खात्यात टाकायचा. तुमच्या बाबतीत पीएफ दोन्हीकडचा ८२,५००, ईएसआयसी १५,८४० आणि पीटी ४,४००, म्हणजे १,०२,७४०. त्या खात्याचं चेकबुक नाही, नेट बँकिंग माझ्या मोबाइलवर नाही, बायकोच्या मोबाइलवर आहे, आणि तिला कारण सांगितल्याशिवाय रुपया हलत नाही. ईसीआर त्याच संध्याकाळी करून टाका, पंधरा तारखेची वाट कशाला बघायची, त्या दिवशी पोर्टल कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि महिन्याला १ टक्का डॅमेजेस (दंड) वेगळे.

जीएसटीत जॉबवर्कवाल्याची वेगळी गोची आहे. माल पार्टीचा असल्यामुळे आपल्याकडे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जवळपास नसतंच, टूलिंग, कूलंट, थोडंफार भाडं, बस. पाच लाखाच्या बिलावर ९०,००० जीएसटी, आणि पैसे तीन महिन्यांनी येणार असले तरी तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा. म्हणजे पार्टीचा टॅक्स आपण आपल्या खिशातून भरतोय. यावर मी पार्टीशी बोललो ते असं: बेसिक (जीएसटी सोडून बिलाची रक्कम) तुमच्या सायकलने द्या, पण जीएसटीची रक्कम बिल तुमच्या टू-बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) दिसलं की लगेच सोडा, क्रेडिट तर तुम्ही घेताच आहात. सगळे ऐकत नाहीत, पण दोन-तीन पार्ट्या ऐकतात आणि तेवढ्यानेही वीस तारीख हलकी होते. हे परचेसवाल्याशी बोलू नका, अकाउंट्सवाल्याशी बोला.

वसुलीचं आता. उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना? नसेल तर आजच करा, फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. नंबर प्रत्येक बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं आहे, करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पीओवर (पार्टीच्या परचेस ऑर्डरवर) नव्वद दिवस छापलेत म्हणून कायदा बदलत नाही. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही आलंय की वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च पार्टीला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळणार. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी साधं नम्र पत्र, सोबत उद्यमचा कागद आणि थकलेल्या बिलांची यादी, एवढं पाठवलं तरी मार्चमध्ये हालचाल दिसते. थकलेल्या पेमेंटची केस सरकारी पोर्टलवर टाकता येते, पण सत्तर टक्के काम एकाच पार्टीचं असेल तर ते शेवटचं हत्यार समजा, नंतर ते काम राहणार नाही हे धरूनच टाका. पार्टी मोठी असेल, २५० कोटींच्या वर उलाढाल असलेली, तर तिला ट्रेड्सवर (लघुउद्योगांची बिलं बँकांकडून वटवणारा ऑनलाइन प्लॅटफॉर्म) यावंच लागतं, तिथे तिने बिल मान्य केलं की बँक डिस्काउंट करून काही दिवसांत पैसे देते आणि व्याज ॲपवाल्याच्या मानाने बरंच कमी. पुढे पार्टीने बुडवलं तर बँक तुमच्या मागे येत नाही.

आणि नव्वद दिवस म्हणताना नव्वद कुठून मोजताय तेही बघा. बऱ्याच ठिकाणी जीआरएन (पार्टीने दिलेली माल मिळाल्याची नोंद) निघाल्यापासून मोजतात, आणि जीआरएन क्यूसीत (माल तपासणीत) आठ-दहा दिवस पडून असतो. माझ्याकडे एक पोरगा शनिवारी फक्त तेवढ्यासाठी जातो, जीआरएन आणि रिजेक्शनच्या डेबिट नोटा घेऊन येतो.

पैसे उभे करायचेच असतील तर आपल्या बँकेत सीसी (कॅश क्रेडिट) वाढवून मागा. फक्त लक्षात ठेवा, नव्वद दिवसांच्या वरची उधारी बँक सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून प्रत्यक्ष किती उचलता येईल त्या हिशोबात) धरत नाही, म्हणजे पार्टीने जास्त लांबवलं की नेमकी तेव्हाच तुमची लिमिट आकसते. स्टॉक स्टेटमेंट देताना बिलांची तारीखवार यादी स्वतः बघा.

उचलीबद्दल (कामगारांच्या ॲडव्हान्सबद्दल) तुम्ही काही लिहिलं नाही, पण २२ माणसं म्हणजे जूनमध्ये शाळेला आणि गणपतीला ती येणारच. मी एका वेळी सगळी मिळून एक ठराविक रक्कम ठेवली आहे, ती संपली की पुढच्याने थांबायचं, आणि उचल रोखीत न देता खात्यावरच द्यायची. आणखी एक, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात सोडून जाणाऱ्या माणसाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. "पुढच्या दहा तारखेला ये" हे आता चालणार नाही, त्यामुळे उचल किती बाकी आहे, रजा किती शिल्लक आहे हे रजिस्टर रोजच्या रोज लागतं.

तुम्ही एवढं सांगा: सीसीची लिमिट आहे का, असेल तर किती, आणि सगळ्यात मोठी पार्टी ट्रेड्सवर आहे का. ती असेल तर ॲपच्या लोनचा विषय इथेच सोडा, आधी तिच्या अकाउंट्सला फोन लावा.