परभणीच्या वाड्यात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या अँबॅसॅडरचे गंजलेले ब्रेक पुन्हा चालू होतील का? पॅडल थेट खाली जातंय.

होतील, पण नुसतं ऑइल भरून पॅडल मारत बसू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाइप आणि सिलिंडर आतून गंजतात. आपल्याकडचा कोरडा उन्हाळाही त्यांना वाचवत नाही.

चारही चाकांचे ब्रेक ड्रम उतरवा. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरात) फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. मग व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणारी नळी) पिस्टन काढून आतून नख फिरवा. नुसता तपकिरी थर असेल तर होनिंगने (आतून बारीक घासून) जाईल. नख अडकलं तर खड्डा पडलाय, तिथे नवं रबर किट टाकूनही ऑइल गळणारच. सिलिंडर नवा घ्या. नाहीच मिळाला तर छत्रपती संभाजीनगरला वाळूजकडे चांगला लेथवाला गाठून स्लीव्ह (आत नवी धातूची नळी) बसवून घ्या. पॅडलने दाबला जाणाऱ्या मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडरचंही तेच.

रबरी होज धड दिसले तरी बदलाच. मेकॅनिक साधा तांब्याचा पाइप सुचवेल, कारण तो हाताने वाकतो. कृपा करून नको. थरथरीने त्याला चिरा जातात आणि या जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच लाइन असते: एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. स्टीलचा, डबल फ्लेअर केलेलाच (टोक दुहेरी दुमडून पसरवलेला) घ्या.

रबराला पेट्रोल-डिझेल लावू नका, ते फुगतं. सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरा, मास्टरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून हवा काढा आणि पहिली चाचणी हँडब्रेक नीट करून मोकळ्या मैदानातच घ्या.