वाचता येते, पण बोलल्यासारखे वाचत नाही

प्रश्न : माझी मुलगी मराठी शाळेत दुसरीत आहे. तिला काना-मात्रा आणि बरीचशी जोडाक्षरे येतात. पण धडा मोठ्याने वाचताना ती बोट ठेवून एकेक शब्द सुटा म्हणते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकसारखा हेल काढते. एरवी गोष्ट सांगते तेव्हा आवाजात सगळे चढउतार असतात. सरावासाठी आम्ही एकच धडा दहा-दहा वेळा वाचून घेतो, पण आता पुस्तक काढले की ती रडवेली होते. काय करावे?
— एक आई, सातारा

उत्तर : हेल ओळीच्या शेवटी येतो, हे आपले निरीक्षण फार मोलाचे आहे. ओळ संपली म्हणजे वाक्य संपले, असे तिने धरले आहे. वर्गात सगळे एका सुरात वाचतात तेव्हा ही सवय सहज लागते. आवाजात भाव आणायला तिला आत्ताच सांगू नका. आधी वाक्यातले कोणते शब्द एकत्र जातात, हे तिला दिसू द्या.

‘आजीच्या घरासमोरच्या आंब्याखाली काल एक लहानसे पिल्लू सापडले’ हे वाक्य घ्या. ‘आंब्याखाली’ आणि ‘काल’ या शब्दांनंतर पेन्सिलीने फिकट उभ्या रेघा मारा, आधी आपण वाचून दाखवा आणि मग तिला वाचू द्या. ‘घरासमोरच्या’पाशी ती हमखास अडखळेल, कारण मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. तिथे घर, घरासमोर, घरासमोरच्या असा शब्द तिच्यासमोर वाढवत न्या. बोट एकदम बंद करू नका. ते शब्दागणिक टेकवण्याऐवजी एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत सरकवायला शिकवा.

याचे कारण असे, की सफाईने वाचणाऱ्याची नजर आवाजाच्या दोन-तीन शब्द पुढे असते. ‘तू जेवलीस.’ आणि ‘तू जेवलीस?’ यांत शब्द तेच आहेत, फरक फक्त शेवटच्या चिन्हाचा आहे. ते चिन्ह आधी दिसले, तरच ‘जेवलीस’ म्हणताना आवाज वर जातो. म्हणून संवाद असलेला उतारा निवडा आणि वाचण्यापूर्वी तिला विचारा, ‘हे कोण बोलते आहे? रागावून की लाडाने?’ उत्तर तिला सापडले की आवाज आपोआप बदलतो, हे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे.

दहा वेळा वाचून घेणे मात्र आजच थांबवा. तीन-चार वेळा पुरे, तेही एखादा परिच्छेदच, आणि पहिले वाचन आपले असावे. दहा शब्दांत एकाहून अधिक ठिकाणी ती अडत असेल, तर तो मजकूर तिने स्वतः वाचण्यासाठी सध्या अवघड आहे. तो आपण वाचून दाखवावा. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च वेगळा, अशा दुरुस्त्या वाक्य पूर्ण झाल्यावर सांगाव्यात, मध्येच टोकले की अर्थाचा धागा तुटतो.

वेगाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी पालकांना ती चिंता असतेच. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थासह वाचता यावेत, असे लक्ष्य आहे. शाळेने ते जरूर तपासावे. घरी घड्याळ लावू नये. शिवाय हिंदीत ‘घर के सामने के’ हे चार शब्द होतात, तिथे आपला ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द असतो. त्यामुळे नुसत्या शब्दसंख्येवरून दोन भाषांतल्या मुलांची तुलना करणे मला योग्य वाटत नाही.

आठवडाभर रोज दहा मिनिटे एवढेच करा. शनिवारी तिला आवडलेला परिच्छेद तिने आजोबांना वाचून दाखवावा, आणि आजोबांनी पुस्तकात न बघता नुसते ऐकावे. त्यांना गोष्ट कुठे कळली नाही, हे त्यांनी विचारले की त्या जागी परत कसे वाचायचे, हे ती स्वतःच ठरवेल.